पितराचा पाट

टायर फुटला तेव्हा सराफ बाजारातली सगळी माणसं एकदम वाकली, आणि अभिमन तेवढा उभा राहिला. पाइपांनी भरलेला ट्रक होता, जळगावचं एप्रिलचं ऊन होतं. टायर फुटायला आणखी निमित्त लागत नाही. पण आवाज असा झाला की रिक्षावाल्यानं हँडलवर डोकं टेकलं, रसवंतीवाल्याच्या हातून ऊस सुटला आणि रतिलाल शेठच्या पेढीत पाटल्या बघत बसलेल्या दोन बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. पेढीचे मुनीम मोतीलालभाऊ तर गादीवरून थेट तिजोरीच्या आडोशाला गेले; ह्या वयात एवढी चपळाई आपल्या अंगात आहे हे त्यांनाही तेव्हाच कळलं असावं. अभिमनच्या हातात उसाच्या रसाचा ग्लास होता. त्यातला थेंब सांडला नाही. धुरळा बसला, लोक हसले, एकमेकांची टिंगल करू लागले, आणि मग कोणाची तरी नजर ह्याच्यावर गेली. आखूड केस, ताठ पाठ, पायात काळे बूट. "फौजी दिसतोय," तो माणूस म्हणाला, "बघा, पापणीसुद्धा हलली नाही." मोतीलालभाऊ धोतर झटकत बाहेर आले. त्यांनी अभिमनला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला (दोनदा ओढावा लागला) आणि त्याला आत शेठसमोर नेलं. शेठ म्हणाले, आमच्या दाराशी असाच माणूस पाहिजे. बंदूक आमची, स्टूल आमचं, चहा आमचा. तुम्ही काही करायचं नाही, नुसतं उभं राहायचं.

नुसतं उभं राहायचं. अभिमनला हसू आलं, पण ते ओठापर्यंत पोचलं नाही, कारण ओठ अजून त्याचे झाले नव्हते. टायर फुटला त्या क्षणी त्याच्या कमरेखालचं सगळं नाहीसं झालं होतं. पाय बुटात होते, पण परक्याचे होते. जीभ टाळूला चिकटली होती आणि कानात बारीक शिट्टी वाजत होती. चारचौघांचं भय त्यांना वाकवतं, पळवतं, तिजोरीमागे नेऊन बसवतं. ह्याचं भय ह्याला उभं करतं. हे आजचं नव्हतं. लहानपणी विहिरीवर नाग निघाला तेव्हा बाकीची पोरं चपला टाकून पसार झाली होती आणि हा एकटाच नागासमोर उभा. नाग कंटाळून निघून गेला. त्याचे वडील वनाआबा ती गोष्ट पुढे कैक वर्षं पारावर सांगत: "मन्हा पोऱ्या नागलेबी भ्यास नही!" चड्डी ओली झाली होती ते आईनं, भिकुबाईनं, गुपचूप धुऊन टाकलं. त्या एका गोष्टीवर अभिमन लहानाचा मोठा झाला. धुळ्याजवळच्या त्याच्या गावात कोणी अंधाराला, भुताला, मास्तरच्या छडीला घाबरलं की त्याला अभिमनचा दाखला देत. असा मुलगा फौजेत जाणार नाही तर कुठे जाणार? त्याला कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यानंही स्वतःला विचारलं नाही. लोकांनी चढवलेला झेंडा उतरवायचा कसा, हे त्याला कधी जमलंच नव्हतं.

आता सुटी संपत आली होती. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, झाली की दोन दिवसांनी मद्रासकडे जाणारी गाडी, तिथून जहाज, आणि पुन्हा ते लढाईचं बेट. गाडीत बसायचं नाही हे त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. गावात राहणं शक्यच नव्हतं. तिथे शाळेत त्याचा सत्कार झाला होता, शाल, नारळ, टोपी, आणि सरपंचांचं भाषण, ज्यात अभिमन गोळ्यांच्या पावसात छाती काढून उभा राहिला असं चार वेळा आलं. म्हणून तो जळगावला चुडामण मामाकडे येऊन राहिला होता. मामा डाळमिलमध्ये कामाला, त्यामुळे घरातल्या सगळ्या वस्तूंवर, उशीवर, आरशावर, देवाच्या फोटोवर, डाळीच्या भुकटीचा पिवळट थर. पेढीतल्या नोकरीचं कळल्यावर मामा खूश झाला. "नोकरी चांगली शे भाचा. सावलीमा बसानं, बंदूक धरानी. आते काय इचार करी ऱ्हायना?" सुटीवर आलेला जवान परत गेला नाही तर पोलीस घरी येतात, हे मामाला माहीत नव्हतं. अभिमनला होतं. पण पोलिसांची त्याला तितकी भीती वाटत नव्हती. येतील, नेतील, कोठडीत टाकतील. कोठडीत कोणी त्याला वाघ म्हणणार नव्हतं, आणि उभं राहिल्यानं तिथे कोणी मरणार नव्हतं.

रुपचंद मेला होता. रावेरकडचा, केळीवाल्या नथ्थूआबांचा एकुलता एक. पलटणीत खानदेशचे हे दोघेच, त्यामुळे पहिल्या दिवसापासून भांडण आणि पहिल्या दिवसापासून दोस्ती. अभिमन 'आहे'ला 'शे' म्हणाला की रुपचंद 'हाये' म्हणून वेडावून दाखवायचा, आणि रात्री एकाच्या पांघरुणात दुसऱ्याचे पाय. रुपचंद भित्रा होता. म्हणजे तो भ्यायचा आणि भ्यालो म्हणून सांगायचा, अगदी मोकळेपणानं, एखाद्यानं भूक लागली म्हणावं तसं. "मले तं लय भेव लागतं बाप्पा," असं तो सुभेदारांसमोर म्हणाला होता. ताडाची वाळकी झावळी पडली तरी तो जमिनीवर. पलटणीनं त्याचं नाव वाक्या पाडलं. अभिमनला त्याचा राग यायचा. तो राग कशाचा होता हे आता, मामाच्या घरात डाळीच्या वासात पडल्या पडल्या, त्याला नको इतकं स्वच्छ कळत होतं. रुपचंदला भय बोलता येत होतं, वाकता येत होतं, थुंकून टाकता येत होतं. अभिमनचं सगळं आत साठत गेलेलं, आणि वर लोकांची शाबासकी.

त्या बेटावर लाल माती होती, झावळ्यांची कुंपणं होती, दारं उघडी टाकून माणसं निघून गेलेली घरं होती, आणि केळी होत्या. केळीच्या बागेत शिरलं की रुपचंदला आपण कशासाठी आलोय ह्याचा विसर पडायचा. खोडाला नख लावायचा, चीक बोटावर घेऊन बघायचा. "याले पानी नाही भेटलं रे. मालक पयाला असंन." त्या सकाळीही त्यानं नख लावलं होतं. पुढच्या क्षणी समोरच्या कुंपणातून गोळ्या सुरू झाल्या. सगळे आडवे झाले. रुपचंद सगळ्यांच्या आधी. अभिमन उभा. केळीची पानं त्याच्या दोन्ही बाजूंनी फाटत होती, फडफड असा ओला आवाज येत होता, आणि तो रायफल हातात लोंबकळत ठेवून समोर बघत होता. खाली पड, खाली पड, असं कोणीतरी ओरडत होतं. ऐकू येत होतं. अर्थही कळत होता. फक्त गुडघ्यांना कळत नव्हतं. मग पानाच्या आवाजालाही वाकणारा तो वाक्या उठला. उठून दोन ढांगांत आला, त्यानं अभिमनचा कमरेचा पट्टा धरला आणि झटक्यानं ओढला. अभिमन मातीत पडला तेव्हा रुपचंद त्याच्या अंगावर पडला, आणि रुपचंदच्या गळ्याजवळून काहीतरी गरम अभिमनच्या कॉलरमध्ये उतरत गेलं. ज्यांनी लांबून पाहिलं त्यांना एवढंच दिसलं की अभिमन उभा राहून शत्रूला तोंड देत होता. सुभेदारांनी पाठ थोपटली. त्यानं तोंड उघडलं होतं, पण तेव्हाही जीभ टाळूलाच चिकटलेली होती, आणि शाबासकी एकदा अंगावर पडली की ती झटकायला पुन्हा वेगळं धैर्य लागतं.

आखाजीच्या आधी नथ्थूआबा जळगावला आले, मामाचं घर शोधत. उन्हानं रापलेला, कमी बोलणारा माणूस. पाणी प्यायले, पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "आखाजीले घरी ये. त्याच्या मायनं सांगतलं. पयली घागर हाये त्याची." एवढंच. मेलेल्याच्या पहिल्या आखाजीला त्याच्या नावाची घागर पुजतात, हे अभिमनला माहीत होतं. नाही म्हणायला त्याच्या तोंडात शब्द आले होते, पण समोर उभं राहून नाही म्हणणं हेही वाकण्यासारखंच, त्याला न येणारं. तो हो म्हणाला. मग चार दिवस त्याला झोप लागली नाही. पेढीवर जाऊन तो कबूल करून आला की आखाजीनंतर कामावर येतो. मुनिमांनी खाकी शर्टाचं मापसुद्धा घेतलं. मापाची फीत छातीभोवती फिरवताना ते कौतुकानं म्हणाले, "छाती आहे खरी!" आणि अभिमनला वाटलं, ही फीत आणखी थोडी आवळली तर बरं होईल.

रावेरच्या एसटीत बायकांची गर्दी होती, सगळ्या माहेरी निघालेल्या, मांडीवर पोरं आणि पिशव्यांतून सांजोऱ्यांचा वास. सावदा गेलं तशा दोन्ही बाजूंना केळी सुरू झाल्या. अभिमननं खिडकी लावून घेतली. शेजारची आजी वैतागली, "अरे, उकडून मारतो का आमाले?" त्यानं उघडली. फाट्यावर उतरल्यावर गाव पलीकडे होतं आणि वाट बागेतून जात होती. बाहेर ऊन भाजत होतं, आत एकदम गारवा, पाटाचं पाणी, ओल्या मातीचा वास आणि वर पानांचा तो आवाज. फडफड. तो थांबला. पाय गेले. किती वेळ उभा होता कोण जाणे. मागून घड डोक्यावर घेतलेले दोन मजूर आले आणि त्याला वळसा घालून गेले. "कोनाकडं जाचं भाऊ?" एकानं मागे वळून विचारलं. रुपचंदचं नाव त्याच्या तोंडून निघेना. त्यानं हात पुढे केला, तिकडे, एवढंच. मजुरांना कळलं. त्यांच्यातला एक डोक्यावरचा घड सावरत म्हणाला, "चाल मंग माह्या मांगं," आणि अभिमन त्याच्या टाचांकडे बघत बघत चालत राहिला.

घरासमोर कडुनिंबाला झोके बांधलेले, पोरी गात होत्या; पलीकडच्या ओट्यावर पुरुषांचे पत्ते रंगात आलेले, सणाचा जुगार. नथ्थूआबांच्या घरात मात्र आवाज नव्हता. रुपचंदची आई, सुनंदाबाई, दारात आली. तिचे डोळे कोरडे होते, आणि अभिमनला ते रडक्या डोळ्यांपेक्षा अवघड वाटले. "ये बाप्पा. पानी पे आदी." आतल्या खोलीत भिंतीशी कुंभाराकडून आणलेली लाल घागर, गळ्याला सुताचे वेढे, तोंडावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि दोन आंबे. समोर गोवरीचे निखारे. घागरीशेजारी पाट मांडलेला होता आणि पाटासमोर केळीच्या पानावर वाढलेलं होतं: पुरणपोळी, आमरस, कुरडई, भजी. त्या भागातली रीत अशी की मेलेल्याच्या वयाचा माणूस पाटावर बसवायचा. बसला की तो तो राहत नाही, पितर होतो. पितर जेवतो, घरची बाई त्याला त्याच्या नावानं विचारते, धालास का, पोट भरलं का? तो म्हणतो, धालो. मग तो हात धुतो आणि पितर गेला. भाऊबंदातला कोणीही चालतो. सुनंदाबाई म्हणाली, "भावकीतले पोरं लय हायेत. पन मरताना त्याच्या जोडी तूच व्हता. तूच बस."

अभिमन बसला. उभं राहण्यापेक्षा ते सोपं असेल असं वाटलं होतं. सुनंदाबाईनं निखाऱ्यावर तुपाची धार सोडली, वर पितराच्या नावाचा घास ठेवून आगारी टाकली. धूर डोळ्यांत गेला. तो पहिला घास घेऊन चावत राहिला. पुरण गोड होतं हे जिभेला कळत होतं आणि त्याची लाज वाटत होती. समोर खाटेवर नथ्थूआबा जमिनीकडे बघत बसले होते. ती वाढत राहिली, हा खात राहिला, तिला आवडेल म्हणून नाही, तर थांबलं की तो प्रश्न येणार म्हणून. रस दोनदा घेतला. शेवटी पान रिकामं झालं. ती पाटासमोर गुडघ्यावर बसली, पदर डोक्यावर घेतला आणि मुलाला विचारावं तशा आवाजात म्हणाली, "रुपचंद, धालास का रे बाप्पा?" एक शब्द म्हणायचा होता. तो आला नाही. जीभ टाळूला, कानात शिट्टी, कमरेखाली काही नाही. बाहेर पोरींचं गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. ती वाट बघत होती. नथ्थूआबांनी मान वर केली. आणि अभिमनच्या तोंडून, त्याच्या स्वतःच्या गावच्या बोलीत, निघालं ते भलतंच. "मावशी, मी उभाच ऱ्हायनू. गोळ्या उन्यात अन् मन्हा पाय हालेत ना. त्यानी माले खाले वढी लिधं. म्हनून त्याले लागनी."

नथ्थूआबा उठले. त्यांनी खुंटीवरचं पागोटं घेतलं आणि ते मागच्या दारानं बागेकडे निघून गेले. त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत अभिमन बघत होता. ते पुन्हा त्याच्याशी कधी बोलतील असं त्याला वाटलं नाही, आणि तसं वाटून घेण्याचा हक्कही नव्हता. सुनंदाबाई जागची हलली नाही. तिच्या हातातली तुपाची वाटी तेवढी थोडी कलली. ती सरळ करून ती म्हणाली, "तू आता पाटावर हाये. मी तुले नाही इचारलं. मी माह्या पोराले इचारलं. त्याले उपाशी नको उठवू." मग पुन्हा, तशीच, पहिल्यापासून: "रुपचंद, धालास का रे बाप्पा?" अभिमननं डोळे मिटले. रुपचंद काय म्हणाला असता? खोडाला नख लावणारा, पांघरुणात थंडगार पाय सारणारा, पट्टा धरून ओढणारा रुपचंद. त्याला हे विचारलं असतं तर त्यानं आढेवेढे घेतले असते? "धालो, माय," अभिमन म्हणाला. आवाज चिरकला, पण शब्द पुरा झाला. तिनं पाटापुढे डोकं टेकवलं. आईनं मुलाच्या पाया पडावं असा तो दिवस. अभिमनला पाय कुठे लपवावेत ते कळेना.

त्यानं मोरीत हात धुतले, तेव्हा ती पाणी घालत होती. तांब्या रिकामा झाला. "आता पितर गेला," ती म्हणाली, "चाल ओट्यावर. आता तुयं सांग." ओट्यावर ऊन उतरायला लागलं होतं. तो भिंतीला टेकून बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. विहिरीवरच्या नागापासून सांगितलं, चड्डीसकट. ताडाच्या झावळ्या, वाक्या हे नाव, सुभेदारांची थाप, गावातला सत्कार, पेढीवरचं स्टूल. परत जायचं नाही हेही. सांगताना तो थांबला की ती "हं" म्हणायची, तो पुढे सांगायचा. शेवटी तिनं एकच विचारलं, आणि विचारताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "तो भेला व्हता का?"

अभिमनला तिथे खोटं बोलता आलं असतं. मेलेल्याच्या आईला असं काय सांगतात हे सगळ्यांना माहीत असतं. "लय भेला व्हता, मावशी," तो म्हणाला. "मन्हा पट्टा धरा तवय त्याना हात थरथर करे. आजूनबी मन्हा पोटले जानवस तो."

तिनं श्वास सोडला. मग तिच्या तोंडाचा आकारच बदलला, आणि पाटासमोरही कोरडे राहिलेले डोळे एकदम वाहायला लागले. "सारे सांगत, वाघ व्हता, वाघ व्हता. साहेब आला, त्यानंबी तेच सांगतलं. राखंचं मडकं देलं हातात. माहा पोरगा अंधारात केयीच्या बागेत एकटा जात नसे रे! मले वाटे, दुसऱ्याच कोनाची राख आनली माह्या घरात." ती अभिमनच्या दंडाला धरून रडत होती, आणि मधूनच हसल्यासारखा आवाज येत होता. "आता समजलं. तो रुपचंदच व्हता. माहाच व्हता तो." अभिमनला तिच्यापासून दंड सोडवून घ्यावासा वाटला आणि जन्मभर तिथेच ठेवावासाही वाटला. आपण काहीतरी परत केलं की काहीतरी कायमचं घेतलं, हे त्याला उमगत नव्हतं.

तेवढ्यात गल्लीत केळीचा ट्रक येऊन थांबला आणि त्याचा लोखंडी फाळका धाडकन खाली पडला. काय झालं ते अभिमनला आधी कळलंच नाही. मातीचा वास आला. कोपर खरचटलं होतं. तो ओट्याखाली उकिडवा, डोकं गुडघ्यांत, दोन्ही हात मानेवर, आणि सगळं अंग, पायांच्या बोटांपर्यंत, लटलटत होतं. पाय त्याचे होते. पलीकडच्या ओट्यावर पत्ते खेळणारे हसले. "अरे, फौजी हाये का कोन हाये? फाळक्याले भेला!" झोक्यावरच्या पोरीही हसल्या. सुनंदाबाई हसली नाही. खाली उतरून ती त्याच्याजवळ बसली, पाठीवर हात ठेवून म्हणाली, "फाळका हाये बाप्पा, फाळका." त्याचं थरथरणं थांबेपर्यंत तिनं हात काढला नाही.

"मावशी," तो मान वर न करताच म्हणाला, "परवा गाडी शे मन्ही. जास मी."

पदरानं तिनं आधी स्वतःचे डोळे पुसले, मग त्याच्या कोपराची माती.

"जाय मंग," ती म्हणाली. "भेयचं तं खुशाल भे. पन वाकजो."